आपल्याच फाइली, आपलंच मशीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पायथनमधून एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ फाइली बदलून देणारा प्रोग्राम) चालवायला ओएस.सिस्टिमची एक ओळ पुरते, सगळी कमांड एका वाक्यात. फाइली आपल्याच, मशीन आपलंच, मग माझ्या लेखात सांगितलंय तसं सबप्रोसेस.रनला कमांडचे शब्द सुटे करून लिस्ट देण्याचं अवडंबर कशाला? वर सबप्रोसेस वापरल्यावरच तुमची स्क्रिप्ट अडकली.

लेखात मी सगळा भर सुरक्षेवर दिला, ती माझी चूक. खरा दगा आपल्याच फाइली देतात. आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग मी अशाच एका ओळीने एमपीथ्री करत होतो. तीच फाइल पुन्हा उतरवली की नावापुढे (1) लागतं. ओएस.सिस्टिम ती ओळ शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती देते आणि शेलच्या लेखी कंस हे व्याकरण. सिंटॅक्स एरर आली, एफएफएमपेग सुरूच झालं नाही, आणि पुढच्याच ओळीने मूळ फाइल पुसली. ओएस.सिस्टिमने शून्याऐवजी (शून्य म्हणजे सगळं ठीक) दुसराच आकडा परत दिला होता. तो मी तपासलाच नव्हता. चार ओव्या कायमच्या गेल्या. आजी आता नाही.

नावाभोवती अवतरणचिन्हं घालता येतात, पण नावातच एखादं अवतरणचिन्ह असलं की पुन्हा तेच. लिस्ट दिली की मध्ये शेल येतच नाही, नाव जसंच्या तसं प्रोग्रामपर्यंत पोचतं. रनला चेक=ट्रू (अपयश आलं की एरर दे) लावलं असतं तर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती. (नावाची सुरुवात - ने होत असेल तर प्रोग्राम त्याला ऑप्शन समजतो, आधी ./ लावा.)

आता अडकण्याबद्दल. तुमच्या कोडमध्ये सबप्रोसेसच्याच पोपेनला स्टडआउट=पाइप देऊन (म्हणजे प्रोग्रामचं आउटपुट एका नळीतून स्क्रिप्टकडे वळवून) लगेच वेट केलंय, म्हणजे न वाचताच तो संपायची वाट बघितलीय. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतात. तो भरला की प्रोग्राम कुणीतरी वाचण्याची वाट बघतो आणि तुमची स्क्रिप्ट प्रोग्राम संपण्याची. कम्युनिकेट वापरा, किंवा रनला कॅप्चर_आउटपुट=ट्रू द्या; हे दोन्ही मार्ग आउटपुट वाचत राहतात.

लॉगमधल्या ओळी शोधून, क्रमाने लावून, दुहेरी गाळणाऱ्या ग्रेप-सॉर्ट-युनिकच्या ओळीला शेलच बरा, हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. तिच्यात बाहेरून येणारं एकही नाव नाही, तिथे शेल=ट्रू (ओळ शेलमधून चालव) खुशाल ठेवा. फक्त नुसतं ग्रेप चालवताना चेक=ट्रू लावू नका: काही सापडलं नाही तरी ते 1 परत देतं आणि पायथन त्याला अपयश समजतो.