"पोरगं आजारी आहे, वेडं नाही": त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: म्हणे मुलांच्या हॉस्पिटलात सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं नवीन फॅड निघालंय, पोरगं आजारी आहे वेडं नाही, इंजेक्शनला चौघांनी धरलं की काम होतं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोर नाटक करतंय, दोन रट्टे द्या, मोठा आजार असेल तर नाव त्याच्या कानावर पडू देऊ नका, आणि ह्या मॅडम लोक एकतर नुसत्या गप्पांचे पैसे घेतात नाहीतर गोळ्या देऊन पोराला सुस्त करतात. खाली हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक पालकापर्यंत पोचवा". मी त्याच मॅडम लोकांतली, मुलांच्या ओपीडीत बसते, म्हणून उत्तर देतेय.

नवीन फॅडचं आधी उरकते. अमेरिकेत लोगन राइट यांनी १९६७ साली ह्या कामाची चौकट मांडणारा लेख लिहिला आणि १९६८ला ह्या लोकांची संघटनाही झाली. मेसेज पाठवणाऱ्या बऱ्याच काकांचा तेव्हा जन्म व्हायचा होता.

"वेडं नाही". बरोबर, नाहीच आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं डायबेटिसची, दम्याची, थॅलेसेमियाची, कॅन्सरची असतात. समजा टाइप वन डायबेटिसचा चौदा वर्षांचा मुलगा आहे, त्याला शाळेत डब्याच्या आधी इन्सुलिन घ्यायचंय पण मित्रांसमोर पोटात सुई टोचायची लाज वाटते म्हणून तो डोस गाळतो आणि घरी "घेतलं" सांगतो, मग शुगर तीनशेच्या वर, मग डॉक्टर डोस वाढवणार, मग ज्या दिवशी तो खरंच घेईल त्या दिवशी शुगर धाडकन खाली. आता ह्यात वेड कुठे आलं? डोस कागदावर बरोबरच होता, तो वर्गात का घेतला जात नाही हे कुणी विचारलं नव्हतं. ते विचारणं हे माझं काम.

ल्युकेमियाचंही, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचंही तेच. एएलएल नावाचा जो मुलांमध्ये जास्त दिसणारा प्रकार आहे त्यात मोठी केमो संपल्यावरही बराच काळ घरी रोज गोळी घ्यावी लागते. स्मिता भाटिया यांच्या टीमने अमेरिकेत गोळ्यांच्या डबीच्या झाकणात चिप बसवून ते कधी उघडलं जातं ते नोंदवलं, आणि २०१२ साली छापलं की शंभरातल्या पंच्याण्णव गोळ्यांपेक्षा कमी घेणाऱ्या मुलांमध्ये कॅन्सर उलटायचा धोका बराच जास्त होता. म्हणजे आठवड्यातली एक गोळी चुकली तरी माणूस त्या रेषेच्या खाली जातो. आणि सात वर्षांच्या पोराला गोळी गिळताच येत नसेल तर? ते शिकवावं लागतं, ताठ बसवून, आधी केकवरचा बारीक दाणा, मग बडीशेपेची रंगीत गोळी, मग त्याहून मोठी. ह्याला कुणी गप्पा म्हणत असेल तर म्हणो बापडे.

आता सुई. ह्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण "चौघांनी धरा, दोन सेकंदांचं काम" हे वाक्य मला वॉर्डातही ऐकू येतं आणि तेही शिकलेल्या लोकांकडून. एकदाच टोचायचं असतं तर एकवेळ ठीक, पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं असतं, चौघांनी दाबून धरलेलं पोर पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटपासूनच रडायला लागतं आणि मग चारचे पाच लागतात. लहान बाळांना काय कळतंय हाही जुनाच समज. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं कित्येकदा नाममात्र भूल देऊन व्हायची. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं की ऑपरेशनच्या वेळी वेदनाशामक फेंटानिल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर डॉक्टरांची विचारसरणीच बदलली. फॉरवर्डची अजून बदलायचीय.

करायचं काय मग? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाबद्दल लिहूनच दिलंय: बाळाला आईने किंवा बाबांनी धरायचं, अंगावर पीत असेल तर टोचताना पाजायचं, मोठ्या मुलाला आडवं न पाडता बसवायचं, एकाच दिवशी जास्त लसी असतील तर सगळ्यात दुखणारी शेवटी. बधिर करायचं क्रीम मिळतं पण ते तासभर आधी लावावं लागतं, दारात नंबर आल्यावर लावून उपयोग नाही. सुईच्या वेळी लक्ष दुसरीकडे वळवण्यासारखे मानसिक उपाय २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) ५९ चाचण्या घेऊन तपासलेत, आणि लक्ष वळवणं कामाचं आहे असं दिसलं. आणि एक गोष्ट आई-बाबांना पटता पटत नाही: "काही नाही होत, काही नाही होत" असं सारखं म्हणत राहिलं की मुलं जास्त घाबरलेली दिसतात. त्यापेक्षा त्याला भिंतीवरचे हत्ती मोजायला लावा. आणि "दुखणार नाही" तर अजिबात नको, दुखतं हो, पोराला ते दोन सेकंदांत कळतं आणि तुमचा शब्द तिथेच संपतो.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटक? जॉन अ‍ॅप्ली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५०च्या दशकात शाळेतल्या मुलांची पाहणी केली तेव्हा दहातल्या साधारण एकाला वारंवार पोटदुखी होती, आणि बहुतेकांच्या शरीरात बोट ठेवावं असं काही सापडत नव्हतं. सगळी नाटकी? गाडीचा अलार्म कसा बॉनेटवर मांजर बसलं तरी बोंबलतो, चोर नसतो पण आवाज खराच असतो, तसं ह्या मुलांच्या आतड्याच्या नसा साध्या गॅसलाही जोरात बोंबलतात. सोनोग्राफीत हे दिसत नाही. वजन घटतंय, शौचातून रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, माझ्याकडे नंतर. पण ते नसेल तर उपाय आहेत. नेदरलँड्समध्ये आतड्यावर केंद्रित संमोहनाचा प्रयोग २००७ साली छापून आला, वर्षभरानंतर त्या गटातल्या ८५ टक्के मुलांचं दुखणं जवळजवळ गेलेलं होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के. रट्टे देऊन किती बरी झाली ह्याचा आकडा मेसेजवाल्यांनी द्यावा. (आणि जाता जाता, शाळेचा संडास एकदा बघून या. कितीतरी पोरं दिवसभर दाबून ठेवतात, मग बद्धकोष्ठ, मग पोटदुखी, मग शाळा बुडवतो म्हणून मार.)

आजाराचं नाव लपवायचं, ह्यामागे माया असते हे मला मान्य आहे, आजीच जास्त म्हणते "नको गं सांगू". पण मायरा ब्लूबाँड-लँग्नर ह्या मानवशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात ल्युकेमियाच्या वॉर्डात राहून बघत होत्या, तीन ते नऊ वर्षांची मुलं, ज्यांना घरच्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, त्यांना बहुतेक सगळं ठाऊक होतं. एकमेकांकडून, शेजारच्या रिकाम्या झालेल्या बेडवरून. आणि मोठ्यांना त्रास नको म्हणून तीही माहीत नसल्यासारखं वागायची. सगळं एका बैठकीत सांगा असं कुणी म्हणत नाहीये, मूल जेवढं विचारेल तेवढं सांगा पण खरं सांगा.

गोळ्यांचं एका ओळीत: सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम.

पैशांबद्दल मात्र मेसेजवाल्यांशी मी भांडणार नाही. प्रायव्हेटमध्ये दर आठवड्याची फी भल्याभल्यांना जड जाते आणि तालुक्याच्या गावात तर माणूसच मिळत नाही. पण २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) नावाची केंद्रं आहेत, तिथल्या टीममध्ये सायकॉलॉजिस्टचं पद धरलेलं आहे आणि उपचार मोफत आहेत. तुमच्या जिल्ह्यात ते पद भरलंय का, ते सिव्हिलमध्ये जाऊन विचारा, रिकामं असेल तर तक्रार करा, त्याचा मेसेज बनवा, मी स्वतः फॉरवर्ड करेन. आणि प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर आधी मागून घ्या, खरा माणूस राग न धरता देतो.