साक्ष द्यायला सांगितलंय म्हणून

परवा चर्चमधल्या एका काकांचा फोन आला. म्हणाले पुढच्या महिन्यात ताईला जाऊन दोन वर्षं होतायत, तर त्या रविवारच्या उपासनेत तू उभा राहून छोटीशी साक्ष दे, देवाने तुमच्या कुटुंबाला कसं सांभाळलं त्याची. मी बघतो बघतो करत फोन ठेवला आणि रात्री दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडलो. कारण माझ्याकडे साक्ष नाहीये. म्हणजे आहे, पण ती पुढे उभं राहून माईकवर द्यायच्या कामाची नाही. म्हणून इथे लिहितोय. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असतं तर पाच मिनिटांत हात जोडलेले इमोजी आणि वर 'आमेन' येऊन विषय खलास झाला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही मूळ नगरकडचे, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, पप्पा नोकरीसाठी ठाण्याला आले आणि कळव्याला खोली घेतली ती घेतली. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी इस्त्रीचा शर्ट, नाताळात करंज्या आणि आजूबाजूच्या घरी डबे पोचवणं, असं आमचं घर. संडे स्कूलमध्ये बायबलमधलं वचन पाठ करून आणायचं असायचं आणि ज्याचं पाठ नसेल तो हमखास "येशू रडला, योहान अकरा पस्तीस" म्हणून बसायचा, कारण त्याच्याइतकं छोटं वचन दुसरं नाही. मी तर वर्षातून आठ-दहा वेळा तेच म्हटलं असेल. ताई मात्र अख्खं स्तोत्र पाठ करून यायची आणि मला घरी आल्यावर बोलून दाखवायची.

ताई मराठी शाळेत शिकवायची. पहिल्यांदा काय झालं तर फळ्यावर लिहिताना हातातून खडू सुटायला लागला. तिला वाटलं मानेचं काहीतरी असेल, फिजिओथेरपी झाली, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, आठ महिने असे गेले आणि मग एका डॉक्टरांनी तिची जीभ बाहेर काढायला सांगितली, जिभेचे स्नायू आतल्या आत फडफडताना बघितले आणि ते जरा गप्पच झाले. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हलवणाऱ्या ज्या नसा असतात त्याच एकेक करून मरत जातात. बरं करणारं औषध नाही, एक गोळी आहे ती फार तर काही महिने वाढवते. आणि यातली क्रूर गोष्ट ही की डोकं बहुतेकांचं शाबूत राहतं. ताईचं तर शेवटपर्यंत लख्ख होतं. हात गेले, पाय गेले, गिळणं गेलं, आणि मधेच कधीतरी आवाज गेला. ती आमच्या क्वायरमध्ये वीस वर्षं सेकंड, म्हणजे मुख्य चालीच्या जोडीचा दुसरा सूर, गायची. आवाज जाताना मी जवळ होतो. एकदम नाही जात. आधी 'र' गेला, मग 'ळ', मग आई सोडून कोणाला काही कळेना.

या काळात जो येईल तो स्टीफन हॉकिंग या शास्त्रज्ञाचं उदाहरण द्यायचा. त्यांना एकविसाव्या वर्षी १९६३ मध्ये हा आजार सांगितला आणि माणूस २०१८ पर्यंत जगला, तर ताईपण जगेल. मला तेव्हासुद्धा हसू यायचं, की अरे विश्वासातली माणसं तुम्ही, आणि धीर द्यायला कोण सापडलं तर जो माणूस आयुष्यभर सांगत होता की विश्वाला देवाची गरज नाही तो! असो.

मग मी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, सव्वीस अक्षरांत काम भागतं. आपल्याकडे क ते ज्ञ वेगळं, काना मात्रा वेलांट्या वेगळ्या, अनुस्वार वेगळा. मी ओळीवरून बोट फिरवायचो, बरोबर अक्षर आलं की ती डोळा मिटायची. एका शब्दाला दोन-तीन मिनिटं. त्यातही बाई ऱ्हस्व-दीर्घ चुकू द्यायची नाही, मी घाईत पहिली वेलांटी धरली तर डोळे मोठे करून बघायची. मास्तरीण ती मास्तरीणच.

आता मुद्द्याचं. एका शनिवारी एक प्रार्थनेची टीम आली. आमच्या चर्चची नव्हे, कोणीतरी आणली होती, आजारी लोकांवर हात ठेवून प्रार्थना करणारे. नाव घेत नाही, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी आजही म्हणतो. सहा जणं त्या एवढ्याशा खोलीत. टीमचे मुख्य भाऊ पलंगाच्या पायथ्याशी टेकले आणि डोळे मिटून मोठ्याने सुरू झाले, जिभेचं बंधन तुटो, नसानसांत सामर्थ्य उतरो. पाच मिनिटांनी माझं ताईकडे लक्ष गेलं. ती तक्त्याकडे बघत होती. मी हळूच तक्ता धरला. प. काना. य. पाय.

भाऊंचा हात, म्हणजे अख्खं वजन, चादरीखालच्या तिच्या पायावर होतं. हलवता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं या आजारात, दुखतं सगळं. आणि मी काय केलं? काही नाही. प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नाही हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. मी पुढची पंधरा मिनिटं तक्ता धरून उभा राहिलो, ती माझ्याकडे बघत होती, आणि तो माणूस देवाला तिच्या वेदना घालवायला सांगत होता. आमेन झालं, हात निघाला. जाताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, घरात कोणाचं काही कबूल न केलेलं पाप आहे का बघा, आणि विश्वास वाढवा.

लोकांना वाटतं त्या दिवशी माझा विश्वास गेला. तसं सांगायला सोपं आहे पण तसं नव्हतं. पाप कोणाचं हा प्रश्न तर शिष्यांनीच त्या जन्मांध माणसाबद्दल विचारला होता, याने पाप केलं की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणाला याने नाही, आईबापानेही नाही. योहानाचा नववा अध्याय. मग भाऊंनी तो वाचलाच नव्हता का? वाचला असणार, पाठ असणार. मला त्यांचा राग चार दिवस होता. माझा स्वतःचा अजून आहे.

विश्वास गेला तो असा काही आवाज करून गेलाच नाही. रात्री तीनला उठून सक्शन मशीन लावायचं, घशातला चिकट कफ ओढून काढायचा, तो घरघर आवाज, मग तिला कुशीवर करायचं, आणि परत आडवं होताना तोंडातून सवयीने निघायचं, प्रभू. रोज निघायचं. एका रात्री निघालं आणि मला जाणवलं की मी हे कोणाला उद्देशून म्हणतच नाहीये, जिना चढताना आपण 'हुश्श' म्हणतो ना, तसं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी भांडत होतो. भांडायला तरी कोणीतरी होतं. तेही गेलं.

ऑफिसमधला एक मित्र आहे, देव वगैरे न मानणारा, त्याला सांगितलं तर टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाला, सुटलास! अरे कुठला सुटलास. माझा बाप, माझा आजा, आमची गाणी, मेल्यावर कुठे भेटायचं त्याचा ठरलेला पत्ता, सगळं त्या एका घरात होतं, ते घर पडलं आणि हा मला अभिनंदन करतोय. दोन्हीकडचे लोक सारखेच घाईत असतात असं माझं मत झालंय.

लहानपणी संडे स्कूलची सहल केडगावला मुक्ती मिशनला गेली होती. तिथे ते मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. वडील, आई, बहीण दुष्काळात गेले, एवढं पुराण-प्रवचन, एवढी तीर्थं, व्रतं करून देवाने अन्नाचा कण दिला नाही, आणि तिथून बाईंचा जुना विश्वास उडाला. पुढे भाऊ गेला, नवरा गेला, १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आम्हाला विजयाची म्हणून सांगायचे. दुःखाने बाईंना खऱ्या देवाकडे आणलं. बरं. पण मग त्याच रस्त्याने कोणी उलट दिशेला निघाला तर? त्यांचा विश्वास उपासमारीत उडाला तो प्रामाणिकपणा आणि माझा उडाला तो विश्वासात कमी पडलो? हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावं. आणि गोष्टीचा पुढचा भाग सहलीत कोणी सांगितला नव्हता, तो मला मोठेपणी कळला. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हातात सगळं काम सोपवायचं होतं ती, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये बाई गेल्या. त्या मधल्या महिन्यांतही त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. मला त्या महिन्यांबद्दल जाणून घ्यायचंय. विजयाबद्दल नाही. रात्री तीनला त्या काय म्हणत असतील.

ठाण्याचंच घ्या. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चवरून आपण रोज जातो, पण त्याच्याही कितीतरी आधी, एप्रिल १३२१ मध्ये, या गावात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे, मिशनरी मारले गेले. माझ्या एका कॅथलिक मित्राने ही गोष्ट सांगितली. जुन्या वृत्तांतात असं आहे की त्यांच्यातल्या एकाला आगीत घातलं, दोनदा, आणि तो न भाजता बाहेर आला. आणि मग रात्री माणसं पाठवून त्यांच्यातल्या तिघांना मारलं. मित्र आगीच्या चमत्काराबद्दल भारावून बोलत होता आणि माझ्या डोक्यात एकच, की जर आगीतून वाचवता येत होतं तर रात्री काय झालं? झोप लागली?

चिडून लिहितोय असं वाटत असेल तर हो, थोडं आहेच.

ईयोबावर तर मला बोलायचंच आहे, बायबलमधला तो देवभक्त माणूस ज्याचं सगळं जातं, कारण दर दुसरा माणूस ईयोब सांगतो. शेवटी देवाने त्याला सगळं दुप्पट दिलं. मेंढ्या सात हजारांच्या चौदा हजार, उंट तीन हजारांचे सहा हजार. आणि मुलं? दहा मेली होती, परत दहा झाली. म्हणजे मेंढरांच्या हिशोबात मुलं बसवायची का? त्या पहिल्या दहांच्या आईला कोणी विचारलं का? पण त्याच पुस्तकात एक जागा आहे जी मला आवडते, आजही. त्याचे तिघे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत उत्तम चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढे अध्यायच्या अध्याय पाप, शिक्षा, कबुली. आणि शेवटी देव रागावतो तो कोणावर? ईयोबावर नाही, जो शिव्याशाप देत होता. या तिघांवर, जे देवाची बाजू घेत होते.

आमच्याकडे न बोलणारं माणूस एकच आलं. मजल्यावरच्या काकू, दर गुरुवारी दत्ताच्या मठात जाणाऱ्या. शनिवारी सकाळी यायच्या, ताईचं डोकं मांडीवर घेऊन केसांना तेल लावायच्या, गरम पाण्याने धुवायच्या, वेणी घालायच्या आणि जायच्या. देवाचं नाव नाही, धीर धर नाही. फार तर "केस दाट आहेत हो हिचे अजून." मी ते बघून चर्चला नावं ठेवत नाहीये. आमच्या पाळकसाहेबांनी शेवटच्या महिन्यात दोन रात्री जागून काढल्यात आमच्याकडे, तेही विसरणार नाही. पण मला नंतर लक्षात आलं की त्या दोन रात्रींत पाळकसाहेबांनी मला सक्शन मशीनच्या फिल्टरबद्दल विचारलं, आणि विश्वासाबद्दल काहीच नाही.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. जाण्याच्या तीनेक आठवडे आधी मी ताईला विचारलं, ताई, खरं सांग, आहे का गं कोणी? तिने खूप वेळ तक्त्याकडे बघितलंच नाही. मग बघितलं. न. अनुस्वार. त. र. नंतर.

आईला सांगितलं तर ती रडून म्हणाली, बघ, नंतर भेटणार म्हणून सांगितलं तिने. आईला तसं वाटू दे. मला माहितीये तिला काय म्हणायचं होतं. सक्शनची वेळ झाली होती, तिला गुदमरायला होत होतं, आणि मी बसलो होतो देव आहे का विचारत. नंतर मी परत कधी विचारलं नाही.

स्तोत्र अठ्ठ्याऐंशी नावाचं एक स्तोत्र आहे, तेही तिला पाठ होतं. बाकी रडगाण्याची बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळत नाही. अंधारावर संपतं, तिथेच, खाली काही नाही. एवढ्या वर्षांत यावर एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही. साक्षीच्या जागी हे वाचलं तर चालेल का असं मी काकांना विचारणार आहे, फक्त वाचणार, वर काही बोलणार नाही. नाही म्हणतील बहुतेक. आठवण-उपासनेत लोक ऐकून घरी जाऊन जेवतील कसे.

आणि कृपा करून मदर तेरेसांच्या पत्रांचा फॉरवर्ड आता पाठवू नका, त्यांनासुद्धा अनेक वर्षं अंधारच होता म्हणून. चार जणांनी पाठवलाय. त्यांना होता म्हणून मला दिलासा कसा? उलट वाईट वाटलं, की एवढ्या बाईलाही कोणी उत्तर दिलं नाही.

आईला घेऊन मी दर रविवारी जातोच. तिचे गुडघे गेलेत, रिक्षातून उतरवून आत बाकावर बसवून देतो आणि बाहेर येतो. मागच्या महिन्यात पाऊस होता म्हणून शेवटच्या बाकावर बसलो. ताईच्या आवडीचं गाणं लागलं, मी उभा राहिलो सगळ्यांबरोबर, आणि नकळत सेकंड ऐकायला कान गेले. नव्हता. दुसरी एक मुलगी गाते आता, चांगली गाते, पण 'ळ' जरा घाईत म्हणते.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर फोन करू नका, लिहूनच कळवा स्तोत्राचं. आणि उपासना सुटल्यावर चहाला थांबत असाल तर मी गेटजवळच असतो.