खुलासा : पाहुण्यांचे गुण ३.९, तर फाइव्ह स्टार खोटं?

‘गूगलवर ३.९ आहे, म्हणजे त्या हॉटेलचे पाच तारे बोगस’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. दोन्ही आकड्यांत तारे दिसतात, पण मोजमाप वेगवेगळं आहे.

भारतात अधिकृत तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती देते. तपासणी सोयींची असते: भाड्याने देण्याजोग्या किमान १० खोल्या, प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, पंचतारांकितसाठी बाथरूम सोडून किमान २०० चौरस फुटांची खोली. वर्गीकरण ५ वर्षांसाठी असतं आणि ऐच्छिक. म्हणून तारा नसलेलं हॉटेल वाईट ठरत नाही. गोव्यातल्या सहा खोल्यांच्या होमस्टेला ४.८ मिळतील, हॉटेलचा तारा मात्र नाही, कारण खोल्याच दहा नाहीत.

पाहुणा खोली मोजत बसत नाही. चेक-इनला पाऊण तास लागला, टॉवेल ओलसर निघाला, की एक तारा. शिवाय दिलेल्या पैशांच्या मानाने अपेक्षा. त्यामुळे महागड्या हॉटेलला किरकोळ चूकही जड जाते.

खरा गोंधळ बुकिंग साइटवर होतो. तिथले तारे बरेचदा हॉटेलनेच सांगितलेले असतात, कुणी तपासलेले नसतात. शंका असेल तर हॉटेलकडे वर्गीकरणाचं पत्र मागा आणि त्यावरची श्रेणी नि मुदतीची तारीख बघा. अभिप्राय ‘नवीन आधी’ लावून गेल्या तीन महिन्यांचेच वाचा. एकच तक्रार चार जणांनी केली असेल, तर ती धरा.