बोटं कापणारी सिंड्रेला फ्रेंच नव्हे

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मूळ फ्रेंच परीकथा भयंकर होत्या, डिस्नेने त्यांना साखर फासली. मूळ सिंड्रेलात बहिणी बुटात पाय मावावा म्हणून पाय कापतात आणि शेवटी पक्षी त्यांचे डोळे फोडतात. निद्रिस्त राजकन्येवर तर झोपेतच अत्याचार होतो. सोबत ‘मूळ पुस्तकातलं चित्र’ म्हणून लांडग्याशेजारी अंथरुणात पडलेली मुलगी.

आधी सिंड्रेला. फ्रेंच लेखक शार्ल पेरॉचं परीकथांचं पुस्तक पॅरिसमध्ये १६९७ साली निघालं. त्यात कुणी पाय कापत नाही. सिंड्रेला बहिणींना माफ करते, राजवाड्यात आणते आणि दोघींची लग्नं सरदारांशी लावून देते. भोपळ्याचा रथ, उंदरांचे घोडे, काचेचा बूट हे सगळं पेरॉचंच. डिस्नेने ते तिथूनच उचललं. बोटं कापणं आलं जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातून, आणि डोळे फोडणारी कबुतरं तर त्यांच्या १८१९च्या आवृत्तीत.

राजकन्येवरचा अत्याचार इटलीचा लेखक बासिले याच्या गोष्टीतला, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पेरॉचा राजपुत्र गुडघे टेकतो, तेवढ्यात शापाची मुदत संपते आणि ती जागी होते. चुंबनसुद्धा नाही.

मग पेरॉ मवाळ का? मुळीच नाही. त्याच गोष्टीच्या उत्तरार्धात राजकन्येची सासू राक्षसीण निघते आणि नातवंडं चमचमीत रश्शात शिजवून आणायला सांगते. लाल टोपीवालीला (लिटल रेड रायडिंग हूडला) लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिमच्या गोष्टीतला. म्हणजे इथे उलट जर्मन गोष्टच सौम्य! पेरॉचं खरं क्रौर्य असं समोर पडलेलं असताना त्याच्या नावावर दुसऱ्याचं खपवणं मला फार खटकतं.

राहिलं चित्र. ते फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेचं, १८६२ सालच्या आवृत्तीतलं, पेरॉच्या पुस्तकानंतर तब्बल १६५ वर्षांनी काढलेलं. १६९७च्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर एक छोटं, साधं कोरीव चित्र होतं. लाल टोपीवालीच्या गोष्टीवर पलंगावर झेपावलेला लांडगा दिसतो, बस्स. त्याआधीची, १६९५ची हस्तलिखित प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. तिच्यातही चित्रं आहेत, रंगीत.

डोरेचं चित्र नीट बघा. आजीची झालरीची टोपी घातलेला लांडगा, चादर छातीशी धरून अंग चोरणारी मुलगी, पण तिची नजर काही त्याच्यावरून हटत नाही. रक्ताचा थेंब नाही. ही भीती डोरेने घडवलेली आहे, आणि ती लाकडी ठोकळ्यावर रेघ न् रेघ कोरून छपाईला आणणारे कारागीर वेगळेच होते. या आवृत्तीतल्या अनेक चित्रांच्या तळाशी डोरेशेजारी त्यांचीही सही असते. हे चित्र पुढे पाठवताना ‘मूळ’ लिहू नका. ‘डोरे, १८६२’ लिहा.