‘फायबर टाकलं तरी काट्याचा कम्प्युटर 100 वरच’ या तक्रारीला आमचं उत्तर

राम राम भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की फायबरचे पैसे घेतले, हजाराचा स्पीड सांगितला, पण तुमच्या जिनिंग मिलच्या गेटवर गाड्या तोलायच्या काट्याचा कम्प्युटर अजून 100 एमबीपीएसच (सेकंदाला 100 मेगाबिट) दाखवतो. हिशेबाच्या टेबलावरचा नवा कम्प्युटरही 100 च. वर दुसरा एक जण हेच काम दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे छोटे डबे) लावून निम्म्या पैशांत करणार होता. कापसाचा हंगाम तोंडावर असताना पैसे पाण्यात गेले असं वाटलं तर राग येणारच. तुम्ही चारचौघांत विचारलंत, मीही चारचौघांतच सांगतो.

काट्याचा कम्प्युटर 100 दाखवतो हे खरं आहे आणि तो कायम 100 च दाखवणार. त्याच्यातलं लॅन कार्डच, म्हणजे नेटवर्कची वायर लागते तो भाग, 10/100 चं आहे, 100 च्या वर जातच नाही. स्पीड अख्ख्या नेटवर्कचा एकच नसतो, प्रत्येक वायरीच्या दोन टोकांत तो वेगळा ठरतो. गेटच्या केबिनमधला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा डबा, काट्याशी 100 ने बोलतो आणि ऑफिसकडे फायबरवर 1000 ने. एका बाजूने आलेलं डेटाचं पाकीट तो आधी पूर्ण उतरवून घेतो आणि मग दुसऱ्या बाजूच्या वेगाने पुढे सोडतो. म्हणूनच जुनं मशीन नव्या फायबरवर बिनतक्रार चालतं.

तो कम्प्युटर बदला असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर त्याच्या जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टला जोडलेला आहे आणि वजनाचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं. एका गाडीची नोंद म्हणजे काही किलोबाइट. 100 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 12 मेगाबाइटच्या आसपास, काट्याला याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपला, म्हणून ते मशीन आम्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर पण बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कमध्ये, ठेवलंय आणि त्याला इंटरनेट दिलेलं नाही. ही काळजी स्पीडपेक्षा मोठी आहे, कृपा करून ती सेटिंग कोणाला बदलू देऊ नका.

मग फायबर कशाला? गेट ते ऑफिस अंतर अडीचशे मीटरच्या वर आहे आणि तांब्याच्या लॅन केबलची हद्द 100 मीटर. पूर्वी खांबावरच्या पेटीत मध्येच एक स्विच टांगलेला होता. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की पोर्ट जळायचे, कारण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आणि मधली वायर तांब्याची. फायबर काचेचं, आणि काचेतून वीज वाहत नाही. आपण टाकलेल्या केबलमध्ये लोखंडी पत्राही नाही, उंदरांपासून जपायला ती पाईपातून नेली आहे. दुसरं कारण कॅमेरे. गेट आणि गाठी बांधायच्या प्रेसकडचे 16 कॅमेरे प्रत्येकी चारेक मेगाबिट धरले तरी 64 होतात. सगळा भार 100 च्या एकाच वायरीवर असता तर काटा, बिलिंग आणि टॅलीला उरलं काय असतं? आता काट्याला त्याचे 100 पूर्ण मिळतात, शेजारी कितीही गर्दी असो.

हिशेबाच्या टेबलाचं मात्र वेगळं आहे. त्या कम्प्युटरचं कार्ड हजाराचं आहे, स्विचही हजाराचा आहे. आमच्या मुलाने भिंतीतला जॅक उघडून फोटो पाठवला. आठ तारांपैकी नारिंगी आणि हिरवी जोडीच बसवलेली, निळी आणि तपकिरी मागे कापून गुंडाळून ठेवलेली. जुन्या काळी असं चालायचं, कारण 100 ला दोनच जोड्या लागतात. हजाराला चारही लागतात. आतली जुनी वायरिंग तशीच ठेवायची असं तुमच्याशी बोलून कोटेशनमध्ये लिहिलं होतं, म्हणून आम्ही तिला हात लावला नव्हता. मोठ्या टॅली फाइलचा बॅकअप त्याच टेबलावरून निघतो, त्यामुळे तिथली तक्रार मला पटते.

कन्व्हर्टरबद्दल स्पष्ट बोलतो. एकच मशीन जोडायचं असेल तर कन्व्हर्टर चांगली वस्तू आहे, मी स्वतः विकतो. पण हजारालाच बांधलेला साधा कन्व्हर्टर घेतला तर तुमचं 100 चं कार्ड त्याच्याशी बोलणारच नाही, आणि 100 चा घेतला तर कॅमेऱ्यांसकट अख्खं गेट 100 वर. फायबर तुटलं तरी बऱ्याच कन्व्हर्टरचा तांब्याकडचा दिवा हिरवाच राहतो, मग बिघाड शोधण्यात दिवस जातो. तुमच्या गेटवर काटा, कॅमेरे आणि हजेरीचं मशीन आहे, तिथे स्विचच पाहिजे.

आणखी एक, भाऊ. फोटोत मला गेटच्या स्विचमधून एक फायबर जोड काढून परत लावलेला दिसला, त्याचं टोपण टेबलावर पडलंय. त्या टोकातून प्रकाश जातो ती जागा 9 मायक्रॉनची, केसापेक्षा कितीतरी बारीक. जिनिंगमध्ये हवेत रुईचे तंतू उडत असतात, एक तंतू बसला तरी सिग्नल पडतो. बोट लावू नका, शर्टाने पुसू नका. काढावं लागलं तर आधी फोन करा, आमच्याकडे क्लीनर आहे.

हिशेबाच्या टेबलापासून ऑफिसातल्या स्विचच्या रॅकपर्यंत नवी कॅट सिक्स केबल (हजाराला चालणारी तांब्याची लॅन केबल) ओढून देतो. केबल आणि जॅकचेच पैसे घेईन, मजुरी नाही. हंगाम सुरू व्हायच्या आत रविवारी जिन बंद असताना मुलं पाठवतो, तुम्ही फक्त रॅकची किल्ली वॉचमनजवळ ठेवा. काम झाल्यावर तुमच्यासमोर त्या टेबलावरून फाइल कॉपी करून दाखवू. त्यानंतरही एकच स्टार ठेवावासा वाटला तर ठेवा.