यंदा लेहला निघालेल्या सोलापूरकर बायकर्ससाठी

जून जवळ आला की सात रस्त्यावरच्या टपरीवर चहासोबत एकच विषय निघतो, यंदा लेह. कुणी गाडीला कॅरिअर बसवून घेतलेलं असतं, कुणी पेट्रोलचे कॅन आणलेले असतात. मग मोबाईलवर प्लॅन दाखवतात: सकाळी मनाली सोडायची, रात्री सरचू, दुसऱ्या दिवशी लेह. हा प्लॅन बघितला की माझ्या पोटात गोळा येतो.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. बेचाळीस डिग्रीत हायवेवर गाडी मारणारी पोरं आपण, अंगात दम आहेच. पण विरळ हवेपुढे तो दम कामाला येत नाही. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, सरचू जवळजवळ ४,३०० वर. तीन हजारांच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथे तर आपण एका दिवसात दुपटीहून वर जाऊन झोपायला बघतो.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात तगडा गडी, रोज जिमला जाणारा, सरचूच्या तंबूत बुटाची नाडी सोडता येईना म्हणून बसून राहिला. ओठ निळसर पडलेले. "डोकं फुटतंय बे, झोपू दे," एवढंच म्हणत होता. रात्रभर कॅम्पवाल्याचा ऑक्सिजन लावला आणि उजाडताच टॅक्सीने केलाँगला खाली नेला. दुपारी पोरगा वरणभात मागत होता. पण सरचूची खरी मेख वेगळीच आहे. तिथून खाली उतरायचं तरी आधी वर चढावं लागतं! मनालीकडे बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), सुमारे ४,९०० मीटर. लेहकडे गाटा लूप्सची २१ वळणं आणि पुढे लाचुंग ला, पाच हजारांच्या वर. आजारी माणसाला घेऊन त्या खिंडीकडे निघताना काय वाटतं, ते मी बघितलंय.

म्हणून माझं ठाम मत आहे, लेहला जाताना श्रीनगरवरून जा. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. वाटेतला फोटू ला ४,१०८ मीटरचा आहे, पण तो ओलांडून लगेच खाली उतरता येतं. लेहमध्ये दोन दिवस काही करू नका. पाणी प्या, झोपा. मनालीचा रस्ता येताना ठेवा, तोवर अंग सरावलेलं असतं.

परतताना तंगलांग ला उतरलात की मोरे प्लेन्स लागतात. चाळीसेक किलोमीटर सपाट, दोन्हीकडे उघडे डोंगर. रस्ता सरळ दिसतो म्हणून पोरं गाडी पिळतात. दुपारनंतर तिथे आडवा वारा सुटतो. सरळ जायचं तर गाडी वाऱ्याकडे कलती धरावी लागते. समोरून ट्रक आला की क्षणभर वारा अडतो, गाडी ट्रकच्या बाजूला ओढली जाते आणि ट्रक सरताच पुन्हा फटका बसतो. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, वेग कमी ठेवा. पहाटे निघणं सगळ्यात उत्तम. दुपारी बर्फ वितळून नालेही फुगतात. आणि कृपा करून रील काढायला रस्ता सोडून गवतात गाड्या घालू नका. चांगपा या तिथल्या भटक्या पशुपालकांच्या शेळ्या त्याच विरळ गवतावर जगतात, चाकोरी पडली की वर्षानुवर्षं बुजत नाही.

परतताना लेह सोडल्यावर लागणाऱ्या कारूच्या पंपावर टाकी आणि कॅन दोन्ही भरा. तिथून केलाँगजवळच्या टांडीपर्यंत मधे पंपाचा भरवसा नाही, टांडीच्या पाटीवरचा 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' हा आकडा बायकर्सना पाठ असतो. आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या.

सुट्टीच कमी असेल तर श्रीनगर-लेह एवढंच करा, गाडी ट्रकने पाठवा आणि विमानाने परत या. खर्च वाढेल, वाढू दे. कुणाला मुक्काम आखून हवे असतील तर गाडी कोणती आणि सुट्टी किती ते कमेंटमध्ये लिहा, मी बसून आखून देतो.