नावे चार, मालक एक : कॅसिनोंच्या एकत्रीकरणाची भलामण करणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांत कोल्हापुरातल्या व्यापारी मंडळींच्या, तालमींच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मला तो पाच जणांनी पाठवला आणि पाचही जणांनी खाली 'अगदी बरोबर' असे लिहिले होते. त्याचा गोषवारा असा : लास वेगासमधील कॅसिनो-हॉटेले मोजक्या बड्या कंपन्यांकडे एकवटल्यामुळेच तिथली गुन्हेगारी संपली, दर आटोक्यात राहिले आणि कामगारांना चांगला पगार मिळू लागला, एवढी मोठी कंपनी बुडत नाही, मालक कोण याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते, गर्दी हाच त्याचा पुरावा, सरकारने यात हात घालू नये, आणि म्हणून गोव्यातही मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंचे सगळे परवाने एकाच सक्षम कंपनीला देऊन टाकावेत.

मी जुगार खेळत नाही आणि कोणी खेळावा असेही मला वाटत नाही. पण अनेक वर्षे वाणिज्य शाखेत शिकवल्यामुळे शुक्रवारी रात्री आंबोलीमार्गे पणजीला जाणाऱ्या गाड्यांत माझे विद्यार्थी असतात हे मला ठाऊक आहे, आणि त्या जहाजांवर पत्ते वाटण्याची नोकरी करणारेही त्यांच्यात आहेत. त्यामुळे हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

पहिला दावा गुन्हेगारीचा. यात अर्धे सत्य आहे आणि तेवढ्यामुळेच तो खपतो. 1960च्या दशकापर्यंत लास वेगासच्या अनेक कॅसिनोंमागे टोळ्यांचा पैसा होता, हे खरे. 1967 मध्ये हॉवर्ड ह्यूज या अब्जाधीश उद्योगपतींनी डेझर्ट इन हे कॅसिनो-हॉटेल विकत घेतले आणि मग एकामागून एक कॅसिनो घेत सुटले. 1969च्या कायद्याने नेवाडा राज्यात भागधारकांच्या सार्वजनिक कंपन्यांना कॅसिनो चालवणे सोपे झाले, हेही खरे. पण नुसती कंपनी आल्याने टोळ्या गेल्या नाहीत. 1970च्या दशकात स्टारडस्ट हा कॅसिनो आर्जेंट कॉर्पोरेशन या रीतसर कंपनीच्याच नावावर होता, आणि तरीही मोजणीच्या खोलीतून रोकड परस्पर टोळ्यांकडे जात होती. 1976 मध्ये राज्याच्या नियंत्रण मंडळाने धाड घातली तेव्हा ते बाहेर आले. म्हणजे सफाई केली ती परवाना तपासणाऱ्या यंत्रणेने आणि फौजदारी खटल्यांनी. शिवाय कंपनीने धंदा करणे वेगळे आणि सगळ्या कंपन्यांची एकच कंपनी होणे वेगळे. हाच स्टारडस्ट 1968 मध्ये ह्यूज यांना घ्यायचा होता, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारला आणि त्यांना तो व्यवहार सोडावा लागला. ज्या माणसाचे नाव टोळ्या हटवल्याबद्दल घेतले जाते, त्यालाच तिथल्या सरकारने 'आता पुरे' म्हटले होते.

तो अडसर पुढे सैल झाला. 2000 मध्ये एमजीएम या कॅसिनो कंपनीने मिराज रिसॉर्ट्स ही कंपनी घेतली, 2005 मध्ये मँडाले समूह घेतला. त्याच वर्षी हाराज या दुसऱ्या बड्या कंपनीने सीझर्स ही कंपनी घेतली. 2020 मध्ये एल्डोराडो या तुलनेने लहान कंपनीने 17.3 अब्ज डॉलरमध्ये सीझर्स विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. आज स्ट्रिप या मुख्य रस्त्याच्या दक्षिण टोकाला एक्सकॅलिबर, लक्सर आणि मँडाले बे ही तीन प्रचंड हॉटेले ओळीने लागतात : एक किल्ल्यासारखे, एक पिरॅमिडसारखे, एक सोनेरी काचांचे. तिघांचा चालक एमजीएम. थोडे उत्तरेला गेलात की क्रॉमवेल, फ्लेमिंगो, लिंक आणि हाराज एकाला एक लागून आहेत. चौघांची चालक सीझर्स. एका ठिकाणचा भाव पटला नाही म्हणून पाहुणा शेजारच्या दारात जातो, आणि तिथेही गल्ला त्याच मालकाचा असतो.

या गोष्टीचा अर्थ कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उसाच्या पहिल्या उचलीवरून आंदोलन पेटते, तेव्हा शेतकरी एका कारखान्याचा दर दुसऱ्याच्या तोंडावर मारू शकतो, कारण दुसरा कारखाना आहे आणि त्याचे संचालक मंडळ वेगळे आहे. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यात बोली चढते ती समोर दुसरा खरेदीदार उभा असतो म्हणून. उद्या सगळ्या पेढ्या पाट्या तशाच ठेवून एका घराण्याच्या झाल्या, तर सौदा रोज निघेल, पण बोली चढणार नाही.

आता दरांचा दावा. 2016 मध्ये एमजीएमने स्ट्रिपवरच्या आपल्या हॉटेलांत गाडी लावण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. तोवर मोफत पार्किंग हा त्या शहराचा रिवाज होता. लवकरच सीझर्सनेही तेच केले. खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त 'रिसॉर्ट शुल्क' नावाची रक्कम रोज आकारली जाते. माझ्या भाच्याने तिथून पाठवलेल्या बिलात ही रक्कम एका रात्रीला सुमारे 50 डॉलर होती, आणि आरक्षण करताना पहिल्या पानावर दाखवलेल्या भाड्यात ती धरलेली नव्हती. असे शुल्क आधीच एकूण किमतीत दाखवण्याची सक्ती अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेला मे 2025 पासून करावी लागली.

पण खरी महागाई टेबलावर आहे आणि ती बिलात दिसतच नाही. ब्लॅकजॅकच्या खेळात पहिल्या दोन पानांतच एकवीस जमले तर पूर्वी दोनाला तीन या हिशेबाने पैसे मिळत : शंभर लावले की दीडशे. आता कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर पाचाला सहा असा नियम आहे : शंभराला एकशे वीस. तीस रुपयांचाच फरक, असे वाटेल. पण असे पैसे साधारण बावीस डावांत एकदा मिळतात. ते तीस रुपये सगळ्या डावांवर वाटले तर दर शंभर रुपयांच्या डावामागे सुमारे 1 रुपया 35 पैसे जास्त जातात. नीट खेळणाऱ्या माणसाचा शेकडा तोटा पूर्वी अर्ध्या रुपयाच्या आसपास असे, तो आता दोन रुपयांच्या घरात पोहोचला. रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळाचेही तसेच. एका शून्याच्या चाकावर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा 2.70 टक्के, दोन शून्यांच्या चाकावर 5.26 टक्के, आता काही ठिकाणी तीन शून्यांची चाके बसवली आहेत आणि त्यांवर तो 7.69 टक्के आहे. हे सारे केवळ विलीनीकरणामुळेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण काही स्वतंत्र कॅसिनोंनीही हेच नियम उचलले आहेत. माझे म्हणणे एवढेच की शेजारी खरा प्रतिस्पर्धी असेल तर असा नियम लावणाऱ्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती असते, आणि ती भीतीच उरली नाही तर त्याला कोण अडवणार?

'मोठी कंपनी बुडत नाही' हे विधान तर वस्तुस्थितीला सोडून आहे. हाराज ही तेव्हाची सर्वांत मोठी कॅसिनो कंपनी (जिने पुढे सीझर्स हेच नाव घेतले) 2008च्या जानेवारीत दोन गुंतवणूक संस्थांनी सुमारे 30 अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतली, बहुतांश कर्ज काढून. वर्षभरात मंदी आली. 2015 मध्ये तिच्या मुख्य उपकंपनीने सुमारे 18 अब्ज डॉलरच्या कर्जासह दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातूनच 2017 मध्ये व्हिची ही जमीन-इमारतींची वेगळी कंपनी निघाली आणि तिने 2022 मध्ये एमजीएमची तशीच कंपनी 17.2 अब्ज डॉलरना घेतली. आता सीझर्स पॅलेस, एमजीएम ग्रँड आणि व्हेनेशियन या तीन वेगवेगळ्या चालकांच्या हॉटेलांचा घरमालक एकच आहे. बेलाजिओची इमारत एमजीएमने 2019 मध्ये सुमारे 4.25 अब्ज डॉलरना विकली आणि तीच वर्षाला 24.5 कोटी डॉलर भाड्याने परत घेतली. हे भाडे धंदा चालो न चालो द्यावेच लागते, आणि ते शेवटी पार्किंग, पाणी आणि पत्त्यांच्या टेबलावरून वसूल होते.

कामगारांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर 2023 मध्ये सीझर्स, एमजीएम आणि विन या तिन्ही कंपन्यांनी पाच वर्षांचे चांगले वेतन करार केले, हे खरे. पण ते कलिनरी युनियन या हॉटेल-कॅसिनो कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखा 226 ने संपाची तारीख जाहीर केल्यावर केले. बड्या मालकाशी एकदाच बोलणी करणे संघटनेला सोयीचे असते, हे मी मान्य करतो; जिथे संघटना नाही, तिथे तोच बडा मालक एकट्या कामगारासमोर उभा असतो, हेही मग मान्य करायला हवे.

गर्दीचा पुरावा 2024 पर्यंत कामाचा होता. त्या वर्षी लास वेगासला सुमारे 4 कोटी 17 लाख लोक आले. जून 2025 मध्ये मात्र आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा पाहुणे 11.3 टक्क्यांनी घटले. कॅनडातून येणारे लोक अमेरिकेच्या धोरणांवर रागावून थांबले, हेही त्याचे एक कारण आहे; सगळा दोष दरांवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ऑक्टोबर 2025 मध्ये एमजीएमचे प्रमुख बिल हॉर्नबकल यांनी स्वतः गुंतवणूकदारांसमोर दरांबाबत चुकल्याचे कबूल केले आणि खोलीतल्या 26 डॉलरच्या पाण्याच्या बाटलीचा उल्लेख केला. लोकांना कर्तव्य नसते, तर ही कबुली द्यावी लागली नसती. एकाच सभासद कार्डावर दहा हॉटेलांत सवलती मिळतात म्हणून खूश असलेले लोकही तिथे आहेत, आणि त्यांचे मत खोटे नाही. फक्त ते सर्वांचे मत नाही.

सरकारने हात घातला म्हणून धंदा बुडाल्याचेही दिसत नाही. 2013 मध्ये पिनॅकल कंपनी अमेरिस्टार घेत असताना ट्रेड कमिशनने तिला सेंट लुईसमधला एक कॅसिनो विकायला लावला. 2020 मध्ये एल्डोराडोलाही काही शहरांतली मालमत्ता सोडावी लागली. दोन्ही व्यवहार त्यानंतर पार पडले. चीनमधील मकाव या कॅसिनोंच्या शहराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे 1962 पासून स्टॅनली हो यांच्या कंपनीची मक्तेदारी होती. 2002 मध्ये ती मोडून इतरांना परवाने दिले गेले, आणि 2006 मध्ये मकावच्या कॅसिनोंचे उत्पन्न लास वेगासच्या स्ट्रिपच्या पुढे गेले.

राहिला गोवा. मांडवीत सहा तरंगते कॅसिनो आहेत आणि त्यांपैकी तीन आजच एका कंपनीकडे, डेल्टा कॉर्पकडे आहेत. उरलेले तीनही धरून सगळे एकाच कंपनीला द्यावेत, असा संदेशाचा सल्ला आहे. महाराष्ट्राने 1976 मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला जवळचा पर्याय मांडवीच आहे. सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा वस्तू व सेवा कर 40 टक्के झाला आहे. हा भार मालकाने किती सोसायचा आणि पाहुण्यावर किती टाकायचा, हे शेजारचे जहाज दुसऱ्याचे आहे की नाही यावरच ठरेल. पत्ते वाटणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी पगार पटला नाही म्हणून एक जहाज सोडले आणि आठवड्याभरात दुसऱ्यावर कामाला लागला. सहाही जहाजे एकाची झाल्यावर त्याने कोणत्या धक्क्यावर जाऊन विचारायचे, हे त्या संदेशात कुठेही लिहिलेले नाही.